नाव कोनाचं चढलं?

कोणी वारल्याची बातमी आली की आपण काय विचारतो? कसं झालं, कधी झालं, वय काय होतं. आमचे दफ्तरवाले काका यातलं काहीच विचारायचे नाहीत. ते चष्मा कपाळावर चढवायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "बरं. मंग नाव कोनाचं चढलं?"

म्हणजे मेलेल्याच्या जागी वारस म्हणून कागदावर कोणाचं नाव लागलं. सगळी नोकरी त्यांनी महसूल खात्याच्या रेकॉर्डरूममध्ये काढली होती. तिथं माणूस गेला की एक नाव खोडलं जातं आणि दुसरं लिहिलं जातं, बाकी काही घडत नाही. काका निवृत्त झाले, पण त्यांचा हा प्रश्न काही निवृत्त झाला नाही. एकदा आमच्या चौकातला पानवाला अचानक गेला. माणसं हळहळत उभी होती आणि काका मला बाजूला घेऊन विचारत होते, "भाऊ, पानठेल्यावर नाव कोनाचं चढलं?"

मी म्हणालो, "काका, अजून उचललंसुद्धा नाही हो!"

"म्हनूनच विचारून राह्यलो. मागून लय भांडनं होते."

आदिलाबादेत कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, आणि मागच्या बाजूला दोन कॉम्प्युटर. असं दुकान तुमच्याही गावात असेल, आणि काही काम नसताना रोज तिथं येऊन बसणारा एखादा माणूसही असेल. काका शहराला लागून असलेल्या मावल्याहून शेअर ऑटोने यायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. बसण्याआधी रुमालाने कॉम्प्युटरचा पडदा झटकायचे. आयुष्यभर वाळवीशी झुंजलेला माणूस. कुठलाही कागद हातात घेताना आधी झटकायचा, ही त्यांची सवय, आणि पडदा त्यांच्या लेखी कागदच होता.

निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचणारे आमच्याकडे आता फार थोडे उरलेत. काका त्यातले एक. रेकॉर्डरूममध्ये लागले तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या पेशकारांनी, म्हणजे वरच्या कारकुनांनी, त्यांना ते घाईचं, गिचमिड उर्दू शिकवलं. काकांचे वडील तामसीकडच्या एका गावात शेतमजूर होते. "माह्या बापाले सही येत नव्हती," काका हसून सांगायचे, "अन् मले दुसऱ्याइच्या बापाच्या सह्या वाचायचा पगार भेटे."

तर अशा या काकांनी निवृत्तीनंतर एका इंग्रज घराण्याची सातशे वर्षांची वंशावळ काढायला घेतली. आणि तीही माझ्या दुकानात बसून. हे ऐकून लोक आधी हसतात. मीही हसलो होतो.

झालं असं की काकांची पुतणी तिकडे इंग्लंडात नर्स आहे. ज्या घरात ती वरची खोली घेऊन राहते, त्या घराचा मालक एकटा म्हातारा. आयुष्यभर बस चालवलेला. बायको गेल्यावर त्याला एकच नाद लागला होता, आपल्या घराण्याचं मूळ शोधायचं. त्याचं आडनाव म्हणजे एका खेड्याचं नाव. त्या खेड्यातल्या चर्चमध्ये एका जुन्या सरदाराची दगडी मूर्ती आडवी ठेवलेली आहे, पायाशी दगडाचा कुत्रा, आणि त्या सरदाराचं आडनाव हेच. हा आपला पूर्वज, असं म्हातारा लहानपणापासून धरून चालला होता. काही पिढ्या त्याने स्वतः मागे जाऊन शोधल्याही होत्या. पुढे लॅटिन आली, मोडकं अक्षर आलं आणि गाडी अडली. पुतणी चहा पिता पिता सहज बोलून गेली, "माझे काका जुने कागद वाचतात."

पहिला व्हिडिओ कॉल माझ्याच दुकानातून झाला. पडद्यावर लाल नाकाचा एक म्हातारा, हातात भला मोठा कप. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर. विथ रेफरन्स टू युवर फॅमिली." म्हातारा बराच वेळ उत्साहाने बोलत राहिला. त्यातलं किती काकांना कळलं देव जाणे. शेवटी ते पुतणीला मराठीत म्हणाले, "त्याले विचार, जमीन किती होती, अन् सरदार मेल्यावर नाव कोनाचं चढलं?"

इथून काका कामाला लागले. तिकडचे जुने कागद आता फोटो काढून इंटरनेटवर ठेवलेत, बऱ्याच कागदांचे इंग्रजी सारांशही छापलेले आहेत. काकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लॅटिन शब्द लिहून काढले आणि माझ्या दुकानाच्या भिंतीला चिकटवले. हेरेस म्हणजे वारस. ओबीट म्हणजे वारला. गिऱ्हाईकं विचारायची, हे कोणत्या परीक्षेचं? अक्षराची मात्र काकांना अजिबात भीती वाटली नाही. "कारकून तो कारकूनच, भाऊ. हात दुखला की अर्धा शब्द लिवते अन् वर एक रेघ मारते. आमचे उर्दूवाले बी तसेच."

एके दिवशी ते जवळजवळ ओरडलेच, "अरे, हा तं पंचनामा हाय!" तिकडे म्हणे जमीनदार मेला की राजाचा अधिकारी गावातले पंच बसवायचा आणि विचारायचा, जमीन किती, कोणाकडून मिळाली, कधी मेला, वारस कोण आणि त्याचं वय काय. काकांना आपला जुना गिरदावर, म्हणजे महसूल खात्याचा तपासनीस, सापडल्याचा आनंद झाला. त्यातही वारस वयात आला की नाही हे ठरवायला शेजारीपाजारी बोलवत. एक म्हणे, याचा जन्म मला आठवतो, कारण त्याच दिवशी मी घोड्यावरून पडून पाय मोडला. दुसरा म्हणे, त्याच आठवड्यात माझं घर जळलं. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांची स्वतःची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने जूनची एक लिहिली होती. "माह्या जन्माच्या दिवशी कोनी पाय काऊन नाई मोडला?" ते म्हणाले.

मी एकदा विचारलं, हा सरदार म्हणजे लॉर्डबिर्ड होता का? काकांनी हात झटकला. "नाई रे बापा. राजाच्या दरबारात त्याले कोनी पुसत नसंन. आपल्याकडचा देशमुख समजा. एकदोन गावं, गढीसारखं घर, अन् गावात दरारा." त्या खेड्याचं नाव माझ्या जिभेला शेवटपर्यंत वळलं नाही. काका त्याला 'आपलं गाव' म्हणायचे, आणि म्हाताऱ्याला 'आपला पट्टेदार', म्हणजे जमिनीचा खातेदार.

बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, पंचनाम्यामागून पंचनामा लावत काका सरदाराच्या पिढ्या वरून खाली आणत होते. म्हाताऱ्याने खालून वर आणलेल्या पिढ्या होत्याच, त्या अडल्या तिथून काकांनी त्या आणखी वर नेल्या. मध्ये एकाच ठिकाणी सांधा बसेना. शेवटच्या सरदाराला दोन मुलीच होत्या. जमीन दोघींत वाटली गेली आणि जावयांच्या घरी गेली. त्याच सुमाराला शेजारच्या गावात मात्र हेच आडनाव लावणारा एक माणूस कागदावर दिसत होता, आणि म्हाताऱ्याच्या पिढ्या थेट त्याच्यापर्यंत जात होत्या. मग हा कोण?

काकांनी लाल पेनाने खूण केली. "दत्तक."

त्यावेळी दुकानात कोर्टातले एक वकील झेरॉक्स काढत होते. ते मान वर न करता म्हणाले, "दत्तकच असणार. पोरगा नाही अन् नाव चाललं, दुसरं काय?" मीही मान डोलावली. आपल्याकडे असंच होतं की नाही? मुलगा नाही, भावकीतला एखादा पोरगा मांडीवर घेतला, नाव चालू राहिलं. काकांनी तर रेकॉर्डरूममध्ये दत्तकपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे पाहिलेले. सांधा बसला. मीच तो ईमेल टाइप केला.

म्हाताऱ्याला झालेला आनंद काय सांगू! दोन बोटं वर करून तो पडद्यावर नाचलाच. त्याला लवकरच ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्या वाढदिवसाला त्याने आडनावातली सगळी माणसं त्या चर्चमध्ये, त्या दगडी सरदाराजवळ जमवायची ठरवली. आणि काकांना निमंत्रण दिलं. तिकीट तो काढणार, राहायचं पुतणीकडे.

काका आयुष्यात विमानात बसलेले नव्हते. दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे, तेवढाच लांबचा प्रवास. बातमी मावल्यात पसरायला एक दुपार पुरली. पासपोर्टचा फोटो मी काढला. माझ्या बायकोने जवसाची चटणी करून दिली. शेजारच्यांनी जाड स्वेटर आणून दिला. कोणी म्हणे तिकडे उभ्याने जेवतात, कोणी म्हणे पाणी विकत घ्यावं लागतं. काका सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मला हळूच सांगायचे, "मले चर्चबिर्च नाई पाह्यचं, भाऊ. मले त्याइचं रेकॉर्डरूम पाह्यचं हाय. सातशे वर्ष कागद ठेवला कसा, ते एकदा हात लावून पाह्यचं हाय. आमच्याकडे एका पावसाळ्यात गठ्ठे भिजून लगदा झाले, मी डोळ्याइनं पाह्यलं." त्यांना या प्रवासाची किती ओढ होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मी त्यांना इतकं उतावीळ कधी पाहिलं नव्हतं.

पण काका पडले रेकॉर्डवाले. कागदाशिवाय शेरा मारायचा नाही, ही त्यांची जुनी खोड. दत्तक म्हटलं तर दत्तकपत्र पाहिजे. त्याची छानशी नक्कल काढून म्हाताऱ्याला वाढदिवसाला द्यायची, असं त्यांनी मनाशी धरलं. म्हणून ते शोधायला लागले. रोज यायचे, पडदा झटकायचे, शोधायचे. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. एके दिवशी म्हणाले, "भाऊ, एवढा मोठा मुलूख, एवढे कागद. अन् कोनीच दत्तक घेत नाई? एक बी कागद नाई?"

मग एका दुपारी त्यांना तिकडच्या जुन्या कायद्याबद्दलचं एक छापील पान सापडलं. त्या काळात तिकडे दत्तक घेऊन वारस करायची सोयच नव्हती. पोटचा मुलगा, मुली, पुतणे, नाहीतर जमीन वरच्या मालकाकडे परत. मांडीवर कोणाला घेऊन नाव चालवायचं, ही आपली रीत. तिकडे ती आम्ही नेऊन बसवली होती. काका, मी आणि वकील, तिघांनी मिळून.

"मग तो शेजारच्या गावातला माणूस कोण?" मी विचारलं.

काकांना ते आता कळलं होतं. त्याच्या गावच्या दंडाच्या नोंदी त्यांनी पुन्हा नीट वाचल्या होत्या. तो सरदाराचा कोणीच नव्हता. सरदाराच्या गावातून उठून शेजारच्या गावात आलेला एक नांगऱ्या. मालकाच्या जमिनीला बांधलेला मजूर. नव्या गावातल्या लोकांनी त्याला जुन्या गावाच्या नावाने ओळखायला सुरुवात केली, तेच आडनाव झालं. तामसीहून आलेल्याला आपण तामसीवाला म्हणतो तसंच. आणि आपला पट्टेदार त्याचा वंशज.

हे त्यांनी सांगितलं त्या दुपारी लाइट गेली होती. पंखा बंद, गिऱ्हाईक नाही. काका आणि मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. प्रवास तोंडावर आला होता. खरं कळवलं तर सोहळा कसला आणि निमंत्रण कसलं? सरदाराच्या वंशजांचा मेळावा, आणि वंशज निघाला नांगऱ्याचा! मी काकांना सरळ सांगितलं, "काका, कोण तपासायला बसलंय? म्हातारा खूश आहे. तुम्ही जाऊन या, रेकॉर्डरूम पाहून या. आल्यावर सावकाश सांगा. नाहीतर सांगूच नका." मला मनापासून वाटत होतं की त्यांनी जावं. एवढं एक सुख त्यांना मिळावं, असं वाटत होतं.

काका पायरीवर मागे वळले. मग माझ्या दुकानात भिंतीवर लावलेल्या आमच्या वंशावळीकडे त्यांनी बोट दाखवलं. आमच्या घराण्याची चौदा पिढ्यांची वंशावळ छापलेली आहे, आणि मी ती काचेत घालून गल्ल्याच्या वर लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती कौतुकाने दाखवतोही.

"तुमचे आजोबा आमच्या गावचे पटवारी होते," काका म्हणाले. "अक्षर लय सुंदर. त्याइचे सगळे कागद माह्या हाताखालून गेले. नोकरीत लागलो तवापासून मी त्याच्यात माह्या आज्याचं नाव शोधलं. नाई भेटलं. कोनाच्या घरी किती बैल, ते हाय. बैलाचा रंग बी हाय. आमच्या आज्यानं जनम काढला त्याच वावरात, त्याचं नाव नाई."

मी म्हणालो, "काऊन नाही?"

"जमीन नव्हती. जमीन नाई, तं नाव नाई." ते अगदी साधेपणाने बोलत होते, राग नव्हता त्यात. "आता हा नांगऱ्या पाहा. त्याच्यापाशी बी काई नव्हतं. पन त्याचा बैल मालकाच्या कुरणात शिरला, दंड झाला, तो लिवला. कापनीले आला नाई, दंड झाला, तो लिवला. दंड लिवला म्हनून नाव राह्यलं. आमच्या आज्याले बी दंड होत असंन, पन तो लिवून कोनी ठेवला नाई. पाठीवरच राह्यला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या गरिबाचं नाव सातशे वर्ष टिकलं, भाऊ. अन् आता मी त्याच्यावर देशमुखाचं पांघरून घालू? एका विमानासाठी?"

आजोबांच्या सुंदर अक्षराचा मला लहानपणापासून अभिमान होता. तो त्या पायरीवर बसल्या बसल्या जरा अवघडला.

लाइट आली तशी काकांनी ईमेल सांगितला आणि मी टाइप केला. "रिस्पेक्टेड सर, इन पार्शल मॉडिफिकेशन ऑफ अवर अर्लियर कम्युनिकेशन" अशी सुरुवात. सगळं खरं लिहिलं. चूक माझी आहे, आमच्याकडच्या रिवाजामुळे झाली, असंही लिहिलं. पाठवायचं बटण त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबलं.

तिकडून काहीच उत्तर आलं नाही. पुतणीचा फोन आला, म्हातारा तिच्याशीही बोलेना. सकाळी ती चहा करून दाराशी ठेवते, तो तसाच गार होतो. मेळावा रद्द झाला होता. तिकीटही. काकांनी "बरं" एवढंच म्हटलं. त्या थंडीत ते तोच विलायतेचा स्वेटर घालून दुकानात यायला लागले. आमच्या आदिलाबादची थंडी काही कमी नाही, स्वेटर वाया गेला नाही. चौकातले लोक चिडवायचे, "काय काका, झाली का विलायत?" काका स्वेटरची बाही ओढून दाखवायचे, "हे काय, करून राह्यलो." पण दुकानात आले की सगळ्यांत आधी विचारायचे, "पट्टेदाराचं टपाल?" मी मान हलवायचो. त्यांना प्रवास गेल्याचं दुःख होतंच, पण आपण एका म्हाताऱ्याचा पूर्वज काढून घेतला याचं जास्त होतं. ते त्यांनी एकदा बोलून दाखवलं.

थंडी सरत आली आणि एक दिवस उत्तर आलं. एकच ओळ. 'कापणीला आला नाही म्हणून दंड, ते नेमकं कसं होतं?'

काकांनी खुर्ची पुढे ओढली. नांगऱ्याची सगळी कुंडली निघाली. बैल कुरणात शिरला. कापणीला दोनदा गैरहजर. बायकोने परवानगीशिवाय दारू गाळली. मालकाच्या चक्कीवर न दळता घरी जात्यावर दळलं. मुलीचं लग्न न विचारता लावलं. दंड, दंड, दंड. काका वाचत गेले आणि हसत गेले. "पाह्यलं का भाऊ, नमुना होता पक्का! एकदा बी वेळेवर कामावर नाई!"

दुसऱ्या दिवशी म्हातारा पडद्यावर हजर. बस चालवायच्या दिवसांत तो म्हणे युनियनचा माणूस होता, संपात सगळ्यांत पुढे. त्याने कप टेबलावर आपटला आणि जे म्हणाला ते पुतणीने मराठीत सांगितलं, "तो म्हणतोय, कामावर गेला नाही म्हणून दंड? मग हा शंभर टक्के आमच्याच घरातला! तो सरदार मला कधी ओळखीचा वाटलाच नव्हता." काका इतके मोकळे हसले की झेरॉक्सला थांबलेली माणसं वळून पाहायला लागली. त्या दिवशी चहा काकांनी पाजला.

मग म्हाताऱ्याने ठरवलं, मेळावा नाही, पण नांगऱ्यापासून आपल्यापर्यंतच्या पिढ्यांचा एक फलक करायचा आणि तो शेजारच्या गावातल्या, नांगऱ्याच्या गावातल्या, चर्चच्या ओसरीत लावायचा. तिथल्या लोकांनी परवानगी दिली होती. त्याने काकांना विचारलं, खाली तुमचं नाव कसं लिहू?

काका म्हणाले, "पुरं लिवाले सांग. दफ्तरात लिवते तसं. अमुक, वल्द अमुक, वल्द अमुक." म्हणजे स्वतः, वडील आणि आजोबा. स्वतःचं आणि वडिलांचं नाव त्यांनी लगेच सांगितलं. आजोबांच्या नावाशी थांबले. मी बोटं कीबोर्डवर ठेवून वाट पाहत होतो.

"गाव त्याले येकाच नावानं हाक मारे," ते म्हणाले. "कुत्र्याले मारते तशी. ते नाई लिवायचं. त्याच्या मायनं पाळण्यात ठेवलेलं नाव बापानं मले सांगितलं होतं. ते लिवा." त्यांनी ते नाव सांगितलं. मी टाइप केलेलं पडद्यावर त्यांनी वाचलं, मग रुमाल काढला आणि पडद्याचा तेवढाच भाग हळूच पुसला.

"त्याच्या वरचं?" मी विचारलं.

"वरचं मालूम नाई. एवढं पुरे."

म्हाताऱ्याने पुन्हा निमंत्रण दिलं, पुढच्या वर्षी फलक बघायला या. काकांनी पासपोर्ट जपून ठेवला. पण त्या उन्हाळ्यात साधा ताप म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, आणि काका परत आले नाहीत. माणसं खूप जमली होती. माझं डोकं चालत नव्हतं. एकाएकी लक्षात आलं, आता चष्मा कपाळावर चढवून तो प्रश्न विचारणारंच कोणी नाही. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

काकांची मुलगी मंचेरियलला असते, शाळेत शिक्षिका आहे. मावल्याचं घर आवरायला ती आली होती. त्याच आठवड्यात पुतणीने फलकाचा फोटो पाठवला. मी तो माझ्याकडच्या सगळ्यांत चांगल्या कागदावर मोठा छापला, लॅमिनेट केला आणि तिच्याकडे घेऊन गेलो.

वर नांगऱ्या. त्याच्याखाली पिढ्या, शेतकरी, मोची, गाडीवान, सर्वांत खाली आपला पट्टेदार, बस ड्रायव्हर. आणि तळाशी, हा शोध कोणी लावला, त्याची ओळ. ती बोट फिरवत वाचत होती. वडिलांचं नाव वाचलं, आजोबांचं वाचलं. तिसऱ्या नावावर बोट थांबलं.

"भाऊ, हे कोन?"

"तुझ्या बाबांचे आजोबा. तुझे पणजोबा."

"मले त्याइचं नाव मालूमच नव्हतं," ती म्हणाली. तिने ते मोठ्याने वाचलं. मग परत एकदा वाचलं. आत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि चहा टाकला.

एक प्रत मी माझ्यासाठी काढली होती. आमची चौदा पिढ्यांची वंशावळ थोडी बाजूला सरकवून मी ती गल्ल्याच्या वर लावली आहे. येणारे विचारतात, हा कोण इंग्रज? मी म्हणतो, खालून वाचा.